चंद्री म्हशीचं डोहाळजेवण

मंडळी, जरा कान इकडं द्या. पोटं भुकेली आहेत, मला ठाऊक आहे. काल्याचं कीर्तन, मागून आमटीचा वास, आणि मध्ये मी आडवा! पण जेवणाआधी एकच प्रश्न. देवापुढं आपण ताट ठेवतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो. डोळे उघडावेत तर ताट जसंच्या तसं. देव समजूतदार, तक्रार करत नाही. पण माणसाच्या नावानं वाढलेलं ताट त्या माणसाच्या पोटात गेलं का — हे बघायचं कुणी?

म्हणून खडकवाडीच्या गोजराबाईंची गोष्ट ऐका.

गोजराबाई भाविक. दोन्ही एकादश्या, सगळे सोमवार, आणि उरलेल्या वारी सुनेला उपास! सून प्रणाली, बावीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. नर्सबाईंनी रक्त तपासलं, तर अकरा हवं तिथं सात भरलं. त्यांनी गोजराबाईंना बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी पोरगी हाताला लागायची नाही.

गोजराबाई निर्धास्त. म्हणाल्या, आमच्याकडं विम्याचं कार्ड आहे. होतंच की! देव्हाऱ्यात, कुलदेवीच्या टाकाशेजारी. रोज हळदकुंकू. इतकं, की कार्डावरचं नाव दिसेना. नर्सबाईंनी हात जोडले — कार्डाला नव्हे, बाईंना.

"मावशी, कार्ड दवाखान्याचा खर्च देईल. पोरीच्या अंगात रक्त कुठून देईल? तिला खायला घाला."

आता खायला नव्हतं का? होतं! अंगणवाडीच्या द्वारकाताई दर महिन्याला पोषण आहाराची पाकिटं देत. गहू-डाळीचं गोडसर पीठ, पाण्यात शिजवलं की झालं. पाकिटं घरी जात, वहीवर सही होई, सरकार खूश. तरी प्रणाली दिवसेंदिवस पांढरी पडत चालली. आणि चंद्री दिवसेंदिवस तुकतुकीत!

चंद्री कोण? गोजराबाईंची म्हैस.

त्याचं असं, गरोदर बाईनं जास्त खाल्लं की पोर पोटात मोठं होतं आणि मग अडतं, हे गोजराबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. सासूला तिच्या सासूनं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय? कुठंच नाही. लिहिलेलं नाही म्हणून तर खोडता येत नाही! बरं, अन्न टाकणं पाप. म्हणून पाकीट चंद्रीच्या आंबोणात, खुराकाच्या घमेल्यात. पापही टळलं, पोरही मोठं होईना.

चोरी फोडली ती चंद्रीनंच. द्वारकाताई पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या, की ही गोठ्यातून रेकायला लागायची. ताईंना वाटलं, म्हशीला आपला लळा लागला. सुखावल्या बिचाऱ्या! एकदा कौतुकानं पाठीवर हात फिरवायला गेल्या, तर गोठ्याच्या कोनाड्यात रिकाम्या पाकिटांची चळत.

ताई भांडल्या नाहीत. घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच सवाष्णी, खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन गोजराबाईंच्या दारात हजर. गोजराबाई हरखल्या, सुनेला हाक मारायला वळल्या. ताई सरळ गोठ्यात. चंद्रीच्या कपाळाला कुंकू, शिंगात बांगड्या!

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"डोहाळजेवण आहे हिचं. दोन महिने लाभार्थी हीच. वहीत नाव चढवायचं राहिलंय तेवढं."

बायका पदरात हसायला लागल्या. शेजारची पारूबाई म्हणाली, नाव घ्यायला लावा गं हिला. गोजराबाईंचा चेहरा लाल.

"अहो, गाभण आहे ती. गाभण जनावराला खुराक नको?"

"हवाच की," ताई म्हणाल्या. "पण पारडू मोठं होऊन अडलं तर?"

"असं कुठं असतं का! खुराक नसेल तर व्यायला ताकद कुठनं यायची? म्हैस मरेल की—"

आणि गोजराबाई थांबल्या. मंडळी, माणूस दुसऱ्याचं ऐकून सुधारत नाही. स्वतःचंच बोलणं कानावर पडावं लागतं.

पण सासू ती सासू, सहज हार मानेल? पदर सावरून म्हणाल्या, "मला कुणी विचारलं होतं? चार बाळंतपणं झाली, त्यातली दोनच पोरं जगली. काय खाल्लं होतं मी?"

कुणी हसलं नाही.

त्या दिवशी गोजराबाईंनी स्वतः पीठ शिजवलं, वर तूप सोडलं, प्रणालीला पाटावर बसवलं आणि समोर बसल्या. सुनेला जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर ती भांडी घासण्याआधी काहीतरी खाते, एवढंच माहीत. प्रणाली पाठ करून बसली, भराभरा चार घास खाल्ले आणि अर्ध्यावर हात थांबवला.

"का गं?"

"असू द्या आत्याबाई. संध्याकाळी कुणाला लागलं तर."

हे वाक्य गोजराबाई स्वतः तीस वर्षं बोलल्या होत्या. त्यांनी आणखी एक पळी वाढली आणि ताट रिकामं होईपर्यंत हलल्या नाहीत. रोज! नर्सबाईंनी दिलेली रक्तवाढीची गोळीसुद्धा गिळल्याशिवाय पोरीला उठू दिलं नाही. सासूचा जाच तो जाचच, फक्त दिशा बदलली! नवव्या महिन्यात रक्त साडेनऊ भरलं. मुलगी झाली, पावणेतीन किलो. प्रणाली आपल्या पायांनी घरी आली.

झाली कथा. आता टाळ्या नकोत. माना मागं वळवा. मांडवामागं पहाटेपासून अकरा बायका चुलीच्या धगीत आहेत. त्यातल्या एकीला आठवा महिना आहे. तिनं सकाळपासून काय खाल्लं? चहा. मी विचारून आलोय. आणि पहिल्या पंगतीला बसणार कोण? पहिला पाट बुवांचा, म्हणजे माझाच, दुसरा सरपंचांचा, मग टाळकरी, ज्यांनी कष्ट केले ते फक्त तोंडानं!

तर आज पहिली पंगत त्या अकराजणींची. भात मी वाढणार. सरपंच, तुम्ही पाण्याचा तांब्या घ्या, वाकायचा सराव नसेल तर सावकाश वाका. बाकीच्या पुरुषमंडळींनी जागेवर बसून राहायचं. फारच भूक लागली तर हरिनाम घ्या. आजवर बायकांना आपण हेच सांगत आलोय. बघू या पोट भरतं का.