भाषणकलेचं क्रेडिट

माझ्या बायकोचा, सुलभाचा विषय निघालाच आहे, तर बहारीनमधली एक गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकातली. नोकरी सांभाळून तिने दोन वर्षांचं कॉलेज केलं होतं, आणि आता युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जायचं होतं. कॉलेजातल्या विषयांची क्रेडिट तिथे मान्य झाली तरच ते जमणार होतं.

युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रवेशाचे साहेब अदबीने माझ्याशीच बोलत होते. “सर, मॅडमचे बाकी विषय चालतील. भाषणकला मात्र मफी, नाही चालणार, ती आम्ही धरत नाही. पुन्हा करावी लागेल, वर्ष जाईल.”

मी मान डोलावली. सुलभा म्हणाली, “अहो, परीक्षा मी दिली की तुम्ही? जरा बाहेर बसा.”

बंद दारातून तिचा आवाज येत राहिला. इंग्रजी, हिंदी, मध्येच अरबी. शेवटी साहेबच बाहेर आले.

“खलास, सर. क्रेडिट दिलं. आता यांना घरी न्या.”

त्यानंतर प्रत्येक ऑफिसात तीच बोलायची.

गेल्या वर्षी तिच्या मृत्यूचा दाखला आणायला गेलो. कारकुनाने तिचं नाव विचारलं, आणि ती सांगेल म्हणून मी गप्प उभा राहिलो.