मीटरनं पकडलेला लखीराम

पांढरकवड्याला मी एस.टी.ची वाट पाहत होते. शेजारच्या गॅरेजात एक मालक आपली जुनी मोटार घेऊन मिस्त्रीकडे आले होते.

"मिस्त्री, तू मीटर दुरुस्त केलं अन् लगेच चोर सापडला. लखीराम ड्रायव्हरले सकाळीच काढून टाकलं."

"काहून, मालक?"

"काल त्याले यवतमाळले धाडलं. रस्त्यावरचा दगड म्हणते चौसष्ट. जाऊन-येऊन एकशे अठ्ठावीस. मीटरवर फिरले ऐंशी. गेलाच नाही तो!"

"मंग यवतमाळहून सूनबाईले कोनं आणलं?"

"त्यानंच. पण मीटर खोटं बोलन काय?"

"मालक, दगड नवे हायेत, किलोमीटरचे. तुमची गाडी इंग्रजाच्या वक्ताची, ते मैल मोजते. ऐंशी मैल म्हंजेच एकशे अठ्ठावीस किलोमीटर."

मालकांनी वाकून मीटरवरचा आकडा पुन्हा पाहिला.

"बलावून घ्या बिचाऱ्याले."

"बलावतो. पण पहिले तू मीटर बंद कर."

"परवाच तर चालू केलं!"

"कर म्हणतो ना. त्याले सांगतो, मिस्त्रीनं मीटर बराबर बसवलं नोतं."

"म्हंजे चूक माही?"

"मंग काय ड्रायव्हरपुढं माही म्हणू?"