पाचपैकी दोन स्टार

...नाही, एक दिला असता ना, तर मी म्हटलं असतं, माणूस चिडलाय, डोकं फिरलंय, चालायचंच! पण दोन? पाचपैकी दोन! म्हणजे शांतपणे, विचार करून दिलेत. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली आडवा पडून काम करतोय मी, प्लंबर माणूस. नळ गळायचा थांबला की लोक म्हणायचे, "सुटलो बाबा," आणि मी पाना पिशवीत टाकून घरी, संपला विषय. कुणाला काम नाही पटलं तर तो शेजाऱ्याला सांगायचा, शेजारी दोन दिवसांत विसरायचा. आता कुणी विसरतच नाही हो! फोनमध्ये माझं नाव टाकलं की खाली लगेच आकडा, तीन पूर्णांक आठ... ताप मोजल्यासारखा! आता सांगा, यात माझं काय चुकलं?

तरी मी म्हणत होतो, असू दे आकडा, आपल्याला काय त्याचं. पण झालं काय, ते मुलींचं वसतिगृह आहे ना मोठं, त्यांना वर्षभरासाठी एकच प्लंबर हवा होता. चौसष्ट बाथरूम, सगळी एकाच छपराखाली! माझे गुडघे म्हणजे तुम्हाला काय सांगू, खाली बसलो की वर यायला बेसिनला विचारावं लागतं, "येऊ का?" आणि दिवसाला सहा घरं, सहा जिने. ते काम मिळालं तर जिने संपले, डॉक्टर म्हणतोय ते ऑपरेशन निदान पाच वर्षं लांबलं. मॅनेजरबाई भेटल्या, माझं काम त्यांना माहीत होतं, सगळं जमल्यात जमा... आणि बाईंनी कॉम्प्युटरकडे बघत चष्मा पुढे ओढला. "अहो, तुमचं तीन पूर्णांक आठ आहे. फॉर्म चारच्या खालचा माणूस घेतच नाही."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या स्वयंपाकघराची लाइन मीच टाकलीय ना?"

"हो, उत्तम टाकलीय. पण फॉर्मला कसं कळणार? शुक्रवारपर्यंत चार करा."

करा म्हणे! जसं काही मी आतून पंप मारणार होतो! यात माझं काय चुकलं, सांगा ना.

घरी आलो तर मेहुणी आलेली. ती ऑफिसात असते, तिला यातलं सगळं कळतं. म्हणाली, "भाऊजी, इतकंच ना? घरच्या सगळ्यांनी पाच-पाच स्टार टाकायचे, झालं काम!" झालं! रविवारी दुपारी अख्खं घर माझ्यावर रिव्ह्यू लिहायला बसलं. सासूबाईंनी लिहिलं, "जावई स्वभावाने गरीब. व्यसन नाही. ताटात पडेल ते खातात." अहो, नळाबद्दल एक अक्षर नाही! थोरल्या भावाने चारच दिले, का तर म्हणे, "सगळेच पाच असले की लोकांना संशय येतो रे." याला दुनियेची भारी काळजी! आणि बायको... बायकोने तीन दिले. वर लिहिलं, "काम चांगलं करतात. बाहेर. आमच्या मोरीचा नळ आठ महिने गळतोय."

मी म्हटलं, "अगं, हे काय?"

"खोटं आहे का?"

आता खोटं नाही म्हटल्यावर तीनच राहिले. पण सोमवारी सकाळी उठून बघतो तर सगळं साफ! मेहुणीचा फोन, "भाऊजी, त्या ॲपवाल्यांच्या लक्षात आलं वाटतं. एकाच घरातून, अर्ध्या तासात अकरा रिव्ह्यू... काढून टाकले." म्हणजे सासूबाईंचं सर्टिफिकेटही गेलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणे, "माझ्या शब्दाला किंमत नाही का?" आता ते रिव्ह्यू काय मी पुसले? माझं काय चुकलं?

मग राहिले खरे पाच. एकाचे पाच स्टार, तिघांचे चार-चार, आणि एक हे दोनवाले. मेहुणीने तिथल्या तिथे हिशेब केला, "या दोनचे तीन झाले ना भाऊजी, तर बरोब्बर चार!" म्हटलं, बघू तरी कोण आहे. वाचला रिव्ह्यू. "काम समाधानकारक. ठरल्या वेळेपेक्षा पंचवीस मिनिटे उशीर. साबणाची डबी मूळ जागी ठेवली नाही. अधिक परिश्रम आवश्यक." अधिक परिश्रम आवश्यक! ही भाषा मी ओळखतो हो! हे आमचे गणिताचे सर! शाळेत आम्ही त्यांना वजा सर म्हणायचो, कारण हा माणूस मार्क द्यायचाच नाही, फक्त कापायचा. महिन्यापूर्वी त्यांच्या बाथरूमचा नळ बसवून आलो होतो. ओळख दाखवली नाही... दहावीचा निकाल आठवला.

गेलो. काय करता? गुडघे आपले, गरज आपली. दारात उभा राहिलो तर सर म्हणतात, "ये. मागचा बाक." अहो, चाळीस वर्षं मुलं शिकवलेला माणूस, त्यांना काय नाव सांगायचं! मी सगळं सांगितलं. वसतिगृह, फॉर्म, गुडघे, शुक्रवार. म्हटलं, "सर, एकच स्टार वाढवा. फक्त एक."

सरांनी चष्मा काढला. "मार्क मागून मिळतात का?"

"नाही सर."

"आणि कमी कुठे आहेत? पाचपैकी दोन म्हणजे किती टक्के?"

मी बोटं मोजायला लागलो. "चाळीस, सर."

"दहावीला किती होते?"

"पस्तीस, सर."

"मग? प्रगतीच आहे की."

तुम्हाला सांगतो, हसावं का रडावं कळेना. माणसाने मला आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी दिली होती आणि तिच्यापायी माझं काम हातचं चाललं होतं! त्यांचं चूक म्हणावं तर त्यांनी स्वतःच्या मुलीलाही कधी पन्नासच्या वर जाऊ दिलं नाही. मग माझं काय चुकलं?

सर म्हणाले, "फेरपरीक्षा घेऊ. स्वयंपाकघरातला नळ गळतोय." बसलो खाली, मेन कॉक बंद केला, वॉशर बदलला, आटे साफ केले, टेप गुंडाळली, पाण्याचा एक शिंतोडा ओट्यावर नाही, साबणाची डबी इंचभर हलली नाही! सरांनी नळाखाली स्टीलची वाटी ठेवली आणि हातात घड्याळ घेऊन दहा मिनिटं उभे. मी आपला देवाचं नाव घेतोय. एक थेंब नाही. "हं. प्रात्यक्षिक ठीक. आता लेखी."

लेखी! पंचेचाळिसाव्या वर्षी!

"एक नळ टाकी चार तासांत भरतो. दुसरा भरलेली टाकी सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम सुरू केले. टाकी किती वेळात भरेल?"

तोच! तोच प्रश्न, दहावीत माझे मार्क खाणारा! मी छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि शेवटी जे खरं वाटलं तेच बोललो. "सर, मी आधी दुसरा नळ बंद करीन."

"म्हणजे?"

"म्हणजे, खालून पाणी जात असताना वरून भरत बसायचं कशाला? तो बंद केला की चार तासांत टाकी भरली. उगाच पाणी वाया."

म्हटलं, झालो नापास! मी पिशवी उचलायला वाकलो. आणि मग हसायला लागले हो! वजा सर! दातांची कवळी हातात धरून हसत होते. "चाळीस वर्षांत एकाही कार्ट्याने मला हे सांगितलं नाही. बारा तास, बारा तास करत सगळे टाक्या भरत बसले!" फोन घेतला, एका बोटाने दाबदाबून तीन स्टार केले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. खाली वाकून पाया पडलो, आणि सरांनीच दंडाला धरून उठवलं, गुडघे कुठे वर येत होते!

शुक्रवारी मॅनेजरबाईंकडे गेलो. चार! बरोब्बर चार! फॉर्मने घेतलं मला. सही केली, चहा आला, म्हटलं चला, सुटलो एकदाचा या स्टारच्या कटकटीतून. बाई कागद फाइलला लावत म्हणाल्या, "आणि हो, आमच्याकडे एक पद्धत आहे. काम झालं की त्या बाथरूमच्या मुली तुम्हाला स्टार देतात. चारच्या खाली गेलात तर करार आपोआप रद्द."

मी विचारलं, "किती मुली आहेत बाई?"

"एका बाथरूमला तिघी."

चौसष्ट गुणिले तीन. हे गणित मात्र मला पटकन आलं... एकशे ब्याण्णव, आणि सगळ्या आंघोळीला खोळंबलेल्या! शाळेत निदान पेपर तपासणारा एकच होता हो, आणि तो आंघोळ करून यायचा.