हळू हाका

चहा घ्या, पण माझ्यापुढं पाटीचं नाव काढू नका. पाट्यांनी वीट आणलाय मला.

तेव्हा मी शहापुरातून म्हशाच्या जत्रेला बैलगाडीनं मडकी न्यायचो. सोबत मेहुणा शंकर, चौथी शिकलेला. मुरबाडच्या अलीकडे एक आंधळं वळण होतं. समोरची गाडी दिसायची नाय, म्हणून आमी गाडीवाले लांबूनच हाक द्यायचो, "होऽऽ, गाडी आली!" त्या वर्षी तिथं नवी पाटी लागली होती. शंकरनं वाचलं, "वळणावर हळू हाका."

"म्हंजे काय रे?"

"म्हंजे ओरडायचं नाय, दाजी. हाका हळू मारायच्या. सरकारी हुकूम हाय."

मी बैलाच्या कानात सांगावं तसं पुटपुटलो, "हो, गाडी आली." आणि वळणावर समोरच्या गाडीला जाऊन भिडलो. निम्मी मडकी फुटली.

"हाक का नाय दिली रे?" मी समोरच्यावर खेकसलो.

"दिली की! हळू दिली. पाटी वाचता येत नाय का तुमाला?"

तेवढ्यात रस्त्याचा मुकादम आला. मी म्हटलं, "मुकादम, गाडी हाकायची का हाक मारायची, ते नीट लिवा. लोकं हळूच हाका मारतात इथं."

"सायबाला सांगून बदलतो पाटी," तो म्हणाला.

पुढच्या जत्रेला खरंच बदलली होती. शंकरनं वाचलं, "वळणावर जोरात हाका."

तोच मागून एक गाडी आली. गाडीवाला बैलांच्या शेपट्या पिरगाळत सुसाट सुटला होता.

मी कासरा ओढला. म्हटलं, "शंकर, उतर बाबा. इथनं पुढं मडकी डोक्यावर."