हातोडा की मनोरा

नाही नाही, 'काका, तब्येत कशी आहे' असलं काही विचारू नका त्यांना — तब्येतीचं नावच काढायचं नाही. थांबा, दार ओढून घेते. बसा त्या स्टुलावर, पाणी तापेपर्यंत सांगते सगळं. तुमच्या खुर्चीवर बसून दिवसभर लोक वाद घालत असतील ना? मग झालं तर. बाबांची दाढी करायची आणि करता करता त्यांच्याशी भांडायचं. बॉक्सिंगवरून. हो, बॉक्सिंग — ठोसे मारतात तेच. त्यातलं काही कळत नाही म्हणता? अहो, न कळता बोलणारेच तर जास्त बोलतात! मी सांगते, सोपं आहे.

दोघं जण आहेत. एक जुना, बाबांच्या तरुणपणीचा हेवीवेट चॅम्पियन, त्याला सगळे हातोडा म्हणायचे. दुसरा आत्ताचा — मनोरा. टीव्हीवर दिसतो बघा, दारातून वाकून येतो तो. आता हातोडा कधीच वारला, आणि तो रिंगमधून उतरला तेव्हा हा मनोरा जन्मालाही आला नव्हता, म्हणजे ही लढत काही व्हायची नाही — पण आमच्या घरात ती दर रविवारी व्हायची. बाबा हातोड्याकडून, माझा धाकटा भाऊ मनोऱ्याकडून. पहिलं वर्ष तर नियमांवरच गेलं! बाबा म्हणायचे, पंधरा फेऱ्या, आमच्या काळात पंधराच होत्या. भाऊ म्हणायचा, बारा. शेवटी तेरावर तोड निघाली. हसताय काय? तेरा फेऱ्यांची लढत आमच्या बाहेरच्या खोलीतच बघायला मिळते. मग वजन. मनोरा पंचवीस किलोनं जड. तर बाबा म्हणणार, वजन काय, म्हशीलाही असतं. मग हातांची लांबी, मग रेफरी कुठल्या काळातला घ्यायचा — आणि पुन्हा पहिल्यापासून. पालथ्या घड्यावर पाणी. कधी कुणी एक इंच हटायचं नाही.

पण खरं सांगू का, त्या दोघांना दुसरं काही बोलताच यायचं नाही. भावाची बायको घर सोडून गेली ना, तेव्हा तो असा तोंड पाडून दारात उभा. मला वाटलं, आता तरी बाबा पाठीवरून हात फिरवतील. कसलं काय! चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या मनोऱ्याची परवाची लढत पाहिली. पायात जीव नाही त्याच्या." झालं, जुंपली जेवणापर्यंत. आणि जाताना भाऊ हसत होता. हसत! मी त्याच्यासाठी दोन रात्री रडले होते, तर ह्याला माझ्या रडण्याचा काही उपयोग नाही, ह्याला मनोऱ्याचे पाय पुरले. असो. माझं काय, मी आपली कोपऱ्यात मशीनवर. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. मध्ये काही बोलले की बाबा म्हणणार, "तू शिव गं." रागानं नाही हो — सवयीनं.

तर आता झालंय काय, की डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत. उपचार थांबवा म्हणाले. मग आम्ही ठरवलं, बाबांना सांगायचं नाही. पोटात व्रण आहे, औषधानं भरेल — असं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, डॉक्टरला चार शिव्या घातल्या, मला वाटलं, चला, निभावलं. आणि मग गेल्या रविवारी आमचा शहाणा आला. बाबा उशीला टेकून बसलेले, वाट बघत. बसल्या बसल्या सुरू केलं त्यांनी, नवव्या फेरीत हातोडा मनोऱ्याच्या बरगड्या मोजेल वगैरे — आणि हा, हा माझा भाऊ, खाली मान घालून म्हणतो, "बाबा, तुमचंच खरं. हातोडाच जिंकला असता."

काय बोलू? त्याला वाटलं, म्हातारा सुखावेल. इतकी वर्षं नाही म्हटलं, आता एकदा हो म्हणावं. प्रेमानंच म्हणाला हो. पण बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

तेव्हापासून भिंतीकडे तोंड. खाणं नाही, बोलणं नाही, भाऊ दोनदा येऊन गेला तर डोळे उघडले नाहीत. मी गोळी घ्या म्हटलं की तोंड उघडतात, कूस बदला म्हटलं की बदलतात. कधी ऐकलं नाही हो माझं आयुष्यात, आणि आता सगळं ऐकतात! मला भीती वाटते त्याची. त्यांना बरं करणं माझ्या हातात नाही, कळतंय मला, मी काही खुळी नाही. पण जायचंच असेल तर माणसानं आपल्यासारखं जावं ना — तणतणत, दुसऱ्याला गाढव म्हणत. असं मुकाट्यानं नको. मी थकले हो. उचलून थकले नाही, ह्या शांततेनं थकले. म्हणून म्हटलं, तुम्ही परके आहात, तुम्हाला काही माहीत नाही असं त्यांना वाटेल. तुम्ही 'नाही' म्हणालात, तर ते 'नाही' खरं वाटेल.

तर तुम्ही म्हणायचं, मनोरा जिंकेल. का म्हणून विचारलं तर — काय? माझं? माझं मत कशाला... मला कुणी विचारलं नाही कधी. अहो, मनोराच! त्यात वाद कसला? वजन सोडा, लांबी सोडा, ते सगळं भाऊ बोलतो, त्यालाही काही कळत नाही. मी त्या जुन्या टेपा मशीनवर बसून शंभरदा बघितल्यात. हातोड्याचा तो डावा हुक, ज्याच्या बाबा आरत्या गातात — तो मारायच्या आधी डावा हात खाली जातो त्याचा. असा. कमरेपर्यंत. दर वेळी! त्याच्या काळात त्याच्यापुढे सगळे बुटके, कुणाचा हात पोचला नाही, म्हणून निभावलं. मनोऱ्याचा उजवा सरळ येतो, थेट हनुवटीवर. पहिल्या पाच फेऱ्या तो नुसता बघेल, आणि सहाव्या फेरीत तुमचा हातोडा आडवा! तेरा कुठल्या आल्यात, सहाव्यात खेळ खलास, आणि ज्याला पटत नसेल त्यानं डोळे तपासून घ्यावेत —

थांबा. गप्प बसा जरा.

ऐकलंत? "सहाव्या? सहाव्यात कसा?" म्हणाले. बाबा. आतून. ऐकलंत ना तुम्हीही? पुन्हा म्हणाले — "कोण गाढव म्हणतंय?"

नको, तुम्ही नका जाऊ आत. तुम्ही या आता. उद्या या, नाहीतर परवा, दाढी कुठं पळून जात नाही. वस्तरा राहिला बघा. हं, या.

मी म्हणतेय, बाबा! मी!