वरच्या मजल्याचं मीटर

'हीच करंल सही, कोन बघाला येतंय' — सासूबाई आत बोलल्या ते तुम्हालाही ऐकू आलं ना, ताई? नाही म्हणू नका, तुमचं पेन थांबलं. ही म्हणजे मी, जागृती. चार महिने झाले या घरात येऊन. आणि तुमच्या सौर योजनेच्या यादीत वरच्या मजल्याच्या मीटरपुढे नाव आहे ती रुतिका — माझ्या नवऱ्याची, तेजसची पहिली बायको. दोन वर्षं झाली, तापात गेली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कसं सांगतील — बोनकोड्यात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीच कुणाला सांगत नाही.

बसा, चहा होतोय. योजना मला कळली हो, देवळातल्या बैठकीत मागे बसून ऐकली होती मी. एकेकट्या घराला कोण विचारतो — पण सगळ्या आळीचे मीटर एकत्र धरले, मागणी शंभर किलोवॅटच्या वर गेली, की सौर प्रकल्पाची वीज थेट घेता येते. अठ्ठ्याण्णव झालेत. आमच्या वरच्या मजल्याचे तीन किलोवॅट धरले की एकशे एक, शकुनाचा आकडा. सासऱ्यांनी तिथे सगळ्यांसमोर शब्द दिला — तीन माझ्या घरचे. आता मीटर नावावर करून घ्यायचं तर मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, आणि दाखला सासूबाईंच्या कपाटात. रेशनकार्डाला दिला, बँकेला दिला, वीज कंपनीला देत नाहीत. का? तर बिलाचा मेसेज अजून रुतिकाच्या मोबाईलवर येतो. तो मोबाईल त्या रोज चार्ज करतात. महिन्यातून एकदा वाजतो, कपाटात — त्या दिवशी दुपारी जेवत नाहीत. मी विचारलं नाही कधी. पण ताट उचलणाऱ्याला कळतंच.

त्यांचा राग येत नाही मला, खरंच. गीझरच्या बटणावर रुतिकाने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, मी पण तोच बघून दाबते. लग्नात ताटातल्या तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा तेजस म्हणाले, तुझंच ठेवू — केवढं बरं वाटलं होतं. आणि परवा तेच म्हणाले, 'रुतिकाच्या नावाने एक सही तर आहे.' तिचा एक जुना फॉर्म पण आणून ठेवला समोर, नमुन्याला.

मग काय — केली मी प्रॅक्टिस. पेपरच्या कडेला. चौथ्यांदा जमली, 'रु'ची शेपटी खाली ओढून — छान वळण होतं तिचं. इथवर ठीक होतं. पण काल बँकेत माझ्याच खात्याचा फॉर्म भरत होते, आणि हाताने 'रु' काढला. आपोआप. काउंटरवरची बाई म्हणाली, मॅडम, नाव चुकलं — आणि मला क्षणभर माझं आठवेना. हसू नका. मी पण हसले होते तिथे. घरी आल्यावर गीझरचं बटण दाबताना मात्र वाटलं, बोट कुणाचं आहे हे —

हे लिहून घेऊ नका हां. मी एवढं बोलत नाही एरवी. आळीचं काम अडू नये एवढंच माझं म्हणणं. तुमची मुदत कधीपर्यंत? महिनाअखेर? म्हणजे नाव बदलायला वेळ आहे तर. मला वाटलं आजच —

काय केलंत? पडताळणीचा कोड पाठवलात? नोंदवलेल्या नंबरवर?

ऐकलंत. कपाटात वाजला.

बघा, आल्याच — आई, पडाल, उंबरा आहे. बाबा, तुम्ही पण या बाहेर. नाही आई, मला देऊ नका तो फोन, आकडा पण वाचू नका. रोज चार्ज करीन मी हा, तुम्ही विसरलात तरी करीन. पण रुतिका गेली, आई. दाखला द्या ताईंना. मीटर माझ्या नावावर होऊ दे, मग सही मी करते — जागृती म्हणून.