थेंबाआधी टाळ्या

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेच्या संचालिका बाई. प्रमुख पाहुणे, औषध कंपनीचे साहेब. सत्कारमूर्ती आणि माझे गुरू, आपले सर. आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांविषयी चार गोड शब्द बोल, असं मला बजावलंय. आपली प्रयोगशाळा गोडाचीच. आपण उपाशी असलो तरी यकृत साखर तयार करत असतं, आणि त्या कामात एक एन्झाइम राबत असतं. मधुमेहात ते थांबायचं नाव घेत नाही. त्याला आवरायचं कसं? पेशीकडे स्वतःची युक्ती आहे. तिची शक्ती सरत आली की एक इवलासा रेणू येतो. एन्झाइमच्या कामाच्या जागेला तो हातही लावत नाही, बाजूच्या एका खाचेत जाऊन बसतो. तेवढ्यानं अख्खं एन्झाइम वळतं आणि काम बंद. हे सरांनी मला फळ्यावर शिकवलं, आणि इतकं सुंदर की मी घरी जाऊन जेवता जेवता आईला ऐकवलं. त्यात खोटं काही नाही.

त्याच खाचेत बसेल असा रेणू पुढे सरांनी बनवला. मागच्या भिंतीवर ज्याचं चित्र लावलंय आणि ज्याला आपण हारही घातलाय, तोच.

आता आपल्याकडे एक रीत आहे, सरांनीच घालून दिलेली. नवा रेणू एन्झाइमला रोखताना दिसला की नाचायचं नाही. आधी नळीत डिटर्जंटचा एक थेंब टाकायचा. कारण काही रेणू खाचेबिचेत बसतच नाहीत. त्यांचे आपापसात गोळे होतात, एन्झाइम त्यांना चिकटून बसतं आणि आपल्याला वाटतं, रोखलं बुवा. थेंब पडला की गोळे विरतात आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. सर म्हणायचे, ‘थेंबाआधी टाळ्या नाहीत.’

सरांच्या रेणूला टाळ्या पडल्या. थेंब काही पडला नाही.

तो टाकला चिमणीनं. चिमणी म्हणजे आपल्याकडे संशोधन करणारी, ती बारीक आवाजाची मुलगी. थेंब पडला आणि रेणूची सगळी ऐट उतरली. सर म्हणाले, ‘तुझी नळीच घाण होती,’ आणि तिला घरी बसवलं. तुम्ही मंडळी तेव्हा माना खाली घालून बसलात, असं ऐकते. आताही बसला आहात.

महिन्यापूर्वी सरांच्या जागी यायचं म्हणून मी इथे परत आले. स्वतः थेंब टाकून पाहिला. तेच झालं. सरांच्या खोलीत गेले, वाटलं हादरतील. सर, आत्ता पाणी घ्या, ग्लास तुमच्या डावीकडे आहे. तर तेव्हा सर हसले. म्हणाले, ‘अगं, मला माहीत नाही असं वाटलं का तुला? माझा समारंभ होऊ दे, मग काय घालायचा तो गोंधळ घाल.’

मला किळस आली. त्या हाराकडे बघून आत्ताही येते आहे.

पुढच्या आठवड्यात चाचणी म्हणून हा रेणू गोळीतून मधुमेहाच्या रुग्णांना द्यायचा होता, त्यांच्या चालू गोळ्या बंद करून. त्यांची साखर चढली तर? सर म्हणाले, ‘तेवढ्यात कोणी मरत नाही.’

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, समोरच बसल्या आहेत. त्यांनाही मधुमेह आहे. मी विचारलं, ‘सर, काकूंच्या गोळ्या बंद करून ही द्याल?’ सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘तिला कशाला?’

आज सकाळी प्रयोगशाळेचा ताबा घेतला आणि ती चाचणी थांबवली. ज्यांना गोळी द्यायची होती त्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. चिमणीलाही सोमवारपासून बोलावलंय.

अध्यक्षांनी मधेच खाली बसवलं नाही, तुम्ही उठून गेला नाहीत, याबद्दल सर्वांचे आभार. जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. काकू, हे तुम्हाला चारचौघांत ऐकावं लागलं, तुमची मी हात जोडून क्षमा मागते. सरांची मागणार नाही.